बॅटलमॅपवर किती खर्च करावा, आणि ते आणावेत कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार मित्रांना घेऊन तुम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून पात्रांची कथा रंगवायचा खेळ सुरू केलाय, दर शनिवारी रात्री बसता, ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ हे तयार साहस चालू आहे आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारे डन्जन मास्टर, तुम्हीच आहात. पहिल्याच महिन्यात बॅटलमॅप, म्हणजे लढाईच्या जागांचे नकाशे, काढणाऱ्या तीन मॅपकारांची मासिक वर्गणी भरलीत, एक मॅप रंगीत छापून लॅमिनेट करून घेतलात, हजारावर रुपये गेले, आणि त्या मॅपवर खेळाडू फिरकलेच नाहीत. आता तुम्हाला प्रत्येक लढाईसाठी परवडणारे मॅप कुठे मिळतील ते हवंय.

ते सांगतेच. पण तुमच्या प्रश्नात ‘प्रत्येक लढाईसाठी’ हे शब्द दोनदा आलेत, आणि पैसे गळताहेत ते तिथूनच. मी अकरा वर्षं पुण्यात डीएम म्हणून टेबल चालवतेय. माझ्याकडे निम्म्याहून जास्त लढाया मॅपशिवाय होतात. ज्यांना मॅप असतो, त्यातलेही बहुतेक मी तिथल्या तिथे मार्करने काढलेले असतात. छापलेला रंगीत मॅप महिन्यातून एखादा निघतो, आणि तो निघाला की खेळाडू खुर्चीतून उठून बघतात. दर आठवड्याला निघायला लागला तर कोणी मान वर करणार नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. तुम्ही एका टेबलाभोवती बसता की लॅपटॉपवर, यावर अर्धं उत्तर बदलतं. जवळ फ्लेक्स छापणारं दुकान आहे का, हेही बघावं लागेल. खेळाडूंचा स्वभाव तर सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या एका टेबलावर एक मुलगा आहे, त्याला ऐकलेलं दृश्य डोळ्यांसमोर आणताच येत नाही. ‘तू दाराच्या डावीकडे, गॉब्लिन खांबामागे’ असं तीनदा सांगूनही तो हरवतो. त्याच्यासाठी मी साध्या झटापटीतही चार रेघा ओढते. तुमच्याकडे असं कोणी असेल तर पुढचं सगळं त्या बाजूला झुकवून वाचा.

आता, मॅप कधी लागतो? मी स्वतःला एकच विचारते: या लढाईत कोण कुठे उभं आहे, यावरून काही बिघडणार-सुधारणार आहे का? तुमच्याच कॅम्पेनमधली, म्हणजे चालू कथेतली, दोन उदाहरणं घेऊ. (तुमच्या खेळाडूंपैकी कोणी हे वाचत असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

सुरुवातीला रस्त्यावर दोन मेलेले घोडे आडवे पडलेत आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, दबा धरून आहेत. इथे समजून घ्यायचं काय असतं? रस्ता, दोन बाजूंना चढ, झाडी, मधे घोडे. एका कागदावर दोन समांतर रेघा, दोन आयत, कडेला खरडलेलं झुडूप. वीस सेकंदांत मॅप तयार. यासाठी विकत घेतलेल्या मॅपमध्ये पानन् पान रंगवलेलं असेल, पण खेळाडूच्या निर्णयात त्याने काडीचाही फरक पडत नाही. याउलट त्याच गॉब्लिनांची गुहा बघा. आत ओढा वाहतोय, त्याच्यावर वीस फूट उंच एक डुगडुगता पूल आहे, पुलावर पहारेकरी आहे, आणि त्याने इशारा दिला की वरच्या तळ्यांचं पाणी सोडून लोंढा खाली येतो. इथे कोण ओढ्यात आहे, कोण काठावर चढलाय, कोण पुलाखाली आहे, यावर जीव जगतो किंवा जातो. ही जागा तोंडी चालवायला गेलात की पाणी आल्यावर ‘मी तर काठावर होतो!’ वरून वाद होणारच. इथे मॅप हवा. तरीही तो सुंदर हवा असं नाही, स्पष्ट हवा.

नवे डीएम हे ऐकून जरा बिचकतात, मॅपशिवाय खेळणं म्हणजे काहीतरी कमी प्रतीचं वाटतं. तसं नाहीये. हा खेळ १९७४ साली आला तो शिशाच्या सैनिकांच्या वॉरगेम्समधून, म्हणून जुन्या नियमांत अंतरं चक्क इंचात लिहिलेली आहेत. पण २०१४च्या पाचव्या आवृत्तीत अंतरं फुटात आहेत आणि चौकोनांवर खेळणं हा पर्यायी नियम म्हणून दिलाय. म्हणजे नियमांनीच तुम्हाला मोकळं सोडलंय.

आता पैशाचं. माझा आग्रह असा की चित्रावर खर्च करण्याआधी पृष्ठभागावर करा. चित्र एका संध्याकाळी वापरून संपतं. चौकोन आखलेला, पुसता येणारा पृष्ठभाग वर्षानुवर्षं चालतो. परदेशी बनावटीचे व्हायनल बॅटलमॅट चांगले असतात, पण मागवायचा खर्च धरला तर ते महागात जातात. आपल्याकडे त्याहून सोपी वाट आहे: फ्लेक्स. निवडणुकीचे आणि वाढदिवसाचे बॅनर छापणारं दुकान तालुक्याच्या गावातही असतं. मी तीन बाय चार फुटांचा नुसत्या चौकोनांचा फ्लेक्स छापून घेतला. एक इंचाचा चौकोन, म्हणजे ३६ बाय ४८ चौकोन, आणि खेळाच्या हिशेबात चौकोनाला पाच फूट धरले तर १८० बाय २४० फुटांचं मैदान. क्षेत्रफळ बारा चौरस फूट. दर गावागणिक वेगळा असतो. मला माझ्या भागात साधा फ्लेक्स चौरस फुटाला पंधरा ते वीस रुपयांनी मिळालाय, म्हणजे अख्खं काम अडीचशेच्या आत.

फाइल तुम्हीच तयार करा. ३६०० बाय ४८०० पिक्सेलचं चित्र, दर शंभर पिक्सेलला एक रेघ. पार्श्वभूमी पांढरी ठेवू नका, ट्यूबलाइटखाली डोळ्यांवर येते. फिकट मातकट रंग घ्या आणि रेघा त्याहून थोड्याच गडद. काळ्याभोर रेघांवर काढलेला मार्कर दिसत नाही. दुकानात तीन गोष्टी आवर्जून सांगा: माप इंचात अचूक हवं, कडेला रिंगा नकोत, आणि चित्र ताणून बसवायचं नाही. ही तिसरी गोष्ट मी पहिल्या वेळी सांगितली नव्हती. ऑपरेटरने त्याच्याकडच्या उरलेल्या तुकड्यात बसावं म्हणून चित्र एकाच बाजूने ताणलं. घरी येऊन पट्टी लावली तर चौकोन एका बाजूने एक इंच आणि दुसऱ्या बाजूने सव्वा. तिरकं अंतर मोजायची सोयच राहिली नाही. तेव्हापासून मी खिशात पट्टी घेऊन जाते आणि छापून बाहेर येताच दहा चौकोन मोजते. दहा इंच भरले पाहिजेत.

नव्या फ्लेक्सला शाईचा उग्र वास येतो. दोन दिवस गॅलरीत टांगून ठेवा, मगच घरात आणा. घडी घालू नका, घडीची रेघ जात नाही आणि मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, त्यावर कलंडतात. पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन त्यावर गुंडाळा.

थेट फ्लेक्सवर मात्र लिहायचं नाही, शाई आत मुरते. जेवणाच्या टेबलावर अंथरायचं जाड पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळतं, ते फ्लेक्सवर पसरा आणि त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने काढा. आधी कोपऱ्यात एक ठिपका काढून, दहा मिनिटं थांबून पुसून बघा, कारण सगळ्या प्लास्टिकचा गुण सारखा नसतो. लाल रंग सगळ्यात चिवट असतो. मी लाल फक्त आगीसाठी वापरते आणि खेळ संपला की लगेच पुसते. रात्रभर राहिलेली रेघ हट्टाला पेटली तर कापसावर सॅनिटायझर घेऊन घासा. याच प्लास्टिकचा दुसरा फायदा म्हणजे पुढे कधी रंगीत मॅप छापलात तर तोही त्याच्याखाली सरकवता येतो, चहा सांडला तरी जीव थाऱ्यावर राहतो.

फ्लेक्सचंही झंझट नको असेल तर स्टेशनरीच्या दुकानातली कार्डशीट आणा. आपल्याकडे ती साधारण २२ बाय २८ इंचांची असते आणि दहा-पंधरा रुपयांत येते. इंच-इंचावर पेन्सिलने रेघा मारल्या की २२ बाय २८ चौकोन. शाळेचा ग्राफपेपर घेऊ नका, तो सेंटिमीटरचा असतो.

मापाबद्दल थोडं थांबते, कारण फुकट मॅप निवडताना इथेच चूक होते. सामान्य पात्र एका फेरीत ३० फूट चालतं, म्हणजे सहा चौकोन. फायरबॉल या आगीच्या मंत्राची त्रिज्या २० फूट, म्हणजे आठ चौकोन रुंदीचा भडका. लाँगबोचा, म्हणजे लांब धनुष्याचा, पहिला पल्ला १५० फूट, म्हणजे तीस चौकोन. दहा बाय दहा चौकोनांची खोली दिसायला कितीही देखणी असली तरी त्यात फायरबॉल टाकला की मित्र-शत्रू सगळेच भाजतात, आणि तिरंदाजाला मागे सरकायला जागा नसते. मुद्दाम कोंडायचं असेल तर ठीक. एरवी मी वीस बाय पंचवीसच्या खालचा मॅप घेत नाही.

आता तयार मॅप कुठून आणायचे. डायसन लोगोस या नावाने काम करणारे एक मॅपकार आहेत, त्यांच्या ब्लॉगवर काळ्या-पांढऱ्या, हाताने काढलेल्या तळघरांचे, गुहांचे, बुरुजांचे ढीगभर मॅप मोफत आहेत. माझी सुरुवात त्यांच्याच मॅपवर झाली आणि आजही मी सगळ्यात जास्त तेच वापरते. रंग नसल्यामुळे साध्या प्रिंटरवर निघतात, आणि त्यांच्या खोल्यांची जुळणी हुशारीची असते: एकाच खोलीत जायला दोन-तीन वाटा, मागून वळसा घालायला जागा. वातबू या नावाने काम करणाऱ्यांची साधनं ब्राउझरमध्ये उघडतात. एक बटण दाबलं की एका पानाचं तळघर किंवा अख्खं मध्ययुगीन शहर तयार होतं, आवडलं नाही तर पुन्हा दाबा. डन्जन स्क्रॉल या साधनात मॅप स्वतः आखता येतो, अर्ध्या तासात हात बसतो. रंगीत हवे असतील तर टू-मिनिट टेबलटॉप या संकेतस्थळावर बरेच मॅप ‘तुम्हाला वाटेल ती किंमत द्या’ या पद्धतीने मिळतात. रेडिटवर बॅटलमॅप्स नावाचा विभाग आहे, तिथे चित्रकार स्वतः आपले मॅप टाकतात. शोधताना ‘३० बाय ४०’ असं चौकोनांचं माप दिलेलंच उचला. माप नसलेला मॅप टेबलावर बसवण्यात तुमची संध्याकाळ जाईल.

मासिक वर्गणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तीन चित्रकारांना दरमहा देत राहू नका, पण वर्गणी अजिबात नको असंही मी म्हणणार नाही. एकच चित्रकार निवडा, ज्याची शैली तुमच्या कॅम्पेनला शोभते. एक महिना भरा, त्या महिन्यात जे उघडं मिळतं ते सगळं उतरवून नीट नावं देऊन ठेवा, मग थांबवा. वर्षभराने पुन्हा भरा. लोक दिवसचे दिवस घालवून हे काढतात, त्यांना कधीतरी पैसे मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं. आणि इंटरनेटवर कुठूनतरी चोरून ठेवलेले संच उचलू नका. मोफत आणि रीतसर असं इतकं पडलंय की त्याची गरजच नाही. घरच्या खेळासाठी यातलं जवळजवळ सगळं चालतं, पण तुम्ही खेळाचं चित्रीकरण करून टाकणार असाल किंवा स्वतःचं काही विकणार असाल तर त्या त्या मॅपच्या अटी वाचा.

आता ज्या एका सवयीने माझा खर्च सगळ्यात जास्त कमी झाला ती सांगते. आधी लढाई लिहून मग तिला साजेसा मॅप शोधणं मी बंद केलं. ‘पुराने अर्धं बुडालेलं देऊळ, मागे तीन कमानी’ असा मॅप शोधत मी पूर्वी रात्री घालवल्या आहेत, आणि शेवटी मिळतो तो तसा नसतोच. आता हातात जो मॅप आहे त्याला लढाई शोधते. माझ्याकडे बारा-पंधरा सामान्य जागा आहेत: जंगलातली वाट, पूल, खानावळ, गुहा, बंदराचा धक्का, जहाजाची डेक, गल्ली आणि तिच्यावरची छपरं, पडका वाडा. प्रत्येक कॅम्पेनमध्ये यातली प्रत्येक जागा येतेच. पुलाचा एकच मॅप मी चार वेगवेगळ्या टेबलांवर वापरलाय. एकदा तो जळत होता, एकदा खाली पूर होता, एकदा मधोमध ट्रोल बसला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

आणि आपण महाराष्ट्रात राहतो याचा फायदा घ्या. गडांवर जाता ना? रायगडाच्या महादरवाजापाशी उभं राहून बघा. दरवाजा लांबून दिसतच नाही. वाट वळते, दोन बुरुजांच्या कुशीत शिरते, आणि अगदी जवळ आल्यावर दरवाजा समोर येतो. तोवर तुम्ही दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात असता, आणि समोर धावत येऊन धडक द्यायला सरळ जागा नसते. या गोमुखी रचनेचा मी कार्डशीटवर मॅप केला: चार चौकोन रुंदीची वळती वाट, दोन बाजूंना बुरुज, वर तिरंदाज, टोकाला दरवाजा. पाच खेळाडू दोन तास त्या वाटेत अडकले होते. एकाने ढाली डोक्यावर धरून पुढे सरकायचं सुचवलं, दुसरी दोर टाकून बुरुजाच्या बाहेरच्या अंगाने चढली. इतकी चांगली लढाई मला विकतच्या मॅपने क्वचितच दिलीय. गडावर पावलांनी अंतर मोजा, फोनवर दोन फोटो घ्या, घरी येऊन चौकोनांवर उतरवा.

लॅपटॉपवर खेळत असाल तर हे थोडक्यात. आउलबेअर रोडिओ हे पडद्यावर मॅप मांडून खेळायचं साधन साधं आहे, ब्राउझरमध्ये उघडतं आणि मोफत वापरता येतं. नवख्यांना मी तेच देते. रोल-२० मध्येही मोफत खातं आहे, तिथे मुळात एक चौकोन ७० पिक्सेलचा असतो, म्हणून ३० बाय ४० चा मॅप २१०० बाय २८०० पिक्सेल करून घ्या म्हणजे रेघा जुळतात. आणि मोठ्या पीएनजीऐवजी जेपीजी चढवा, मोफत खात्यातली जागा लवकर भरते. घरी जुना ३२ इंची टीव्ही पडून असेल तर तो टेबलावर आडवा ठेवून लॅपटॉप जोडता येतो. पडदा साधारण २८ बाय १५ इंच भरतो, म्हणजे इंचाच्या हिशेबात तेवढेच चौकोन. खाली ठोकळे ठेवा, मागची हवा कोंडू देऊ नका.

मिनींवर तर आत्ता अजिबात खर्च नको. कॅरमच्या सोंगट्या वापराव्यात असं सगळ्यांना सुचतं, पण त्या तीन सेंटिमीटरच्या वर असतात आणि एक इंचाच्या चौकोनात मावत नाहीत; शेजारी शेजारी तिघे उभे राहिले की ढकलाढकली होते. त्या मी ओगरसारख्या मोठ्या प्राण्यांना देते, त्यांना दोन बाय दोन चौकोन लागतातच. गॉब्लिनांना शर्टाची बटणं किंवा ल्युडोच्या सोंगट्या. बटणावर स्केचपेनने १, २, ३ लिहा, म्हणजे कोणाचे किती हिट पॉइंट, म्हणजे किती जीव, उरलेत ते वहीत जुळतं.

तुमच्या जागी मी असते तर वर्गण्या आज थांबवल्या असत्या, या महिन्यात फ्लेक्स आणि प्लास्टिक घेतलं असतं, आणि रंगीत छपाईचे पैसे कॅम्पेनच्या शेवटच्या मोठ्या लढाईसाठी बाजूला ठेवले असते.

आणि येत्या शनिवारी गुहाच येतेय म्हणालात, फ्लेक्स तोवर होईलच असं नाही. मग एक कार्डशीट आणा. सगळी गुहा काढू नका, फक्त ओढ्याचा बोगदा काढा, निळ्या स्केचपेनने पाणी, दोन्ही काठांना एक-एक चौकोनाची पट्टी. पूल आडवा काढण्याऐवजी दोन काडेपेट्या उभ्या करून त्यांवर आइस्क्रीमच्या चार काड्या ठेवा आणि पहारेकऱ्याचं बटण त्यावर ठेवा. बाकीच्या खोल्या कोऱ्या कागदाने झाका, खेळाडू जसे पुढे जातील तसा कागद सरकवत न्या. लोंढा सुटेल तेव्हा एक निळी ओढणी घ्या आणि वरच्या टोकाकडून फेरीगणिक खाली ओढत आणा.